दिवा, खाण आणि डोळा : घरच्या काजळाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, इतिहासाच्या व्याख्यानात हा डोळ्यांचा शृंगार कुठून आला? पण घरी आरशासमोर बसायचं, डोळ्याभोवती गडद काळी रेघ ओढायची आणि तिचं टोक कानशिलाकडे लांबवत न्यायचं, हे माणूस किमान चार हजार वर्षं करतो आहे. तेव्हा त्याच्याकडे इतिहास म्हणून बघायला हरकत नाही.

सुरुवातीलाच एक भेद पक्का करू. आपण सरसकट ज्याला काजळ-सुरमा म्हणतो, त्यात दोन निरनिराळे काळे रंग आहेत. एक दिव्यातून येतो, दुसरा खाणीतून. दिव्याचा तो काजळी, म्हणजे कार्बन. खाणीतला तो गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज. त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के शिसं असतं. दिसायला दोन्ही काळेच. अंगात गेल्यावर मात्र दोन्हींची गोष्ट वेगळी होते.

आधी खाणीकडे जाऊ. प्राचीन इजिप्तमध्ये डोळ्यांना हिरवा मॅलाकाइट आणि काळा गॅलेना लावत. तो दगडी पाटीवर घोटत. इसवीसनापूर्वी सुमारे ३१०० ची नार्मर राजाची प्रसिद्ध पाटी याच घरगुती वस्तूचं राजेशाही रूप आहे. रंग घोटायचा गोल खळगा तिच्यावरही आहे. पुरुष, बायका, मुलं, सगळेच डोळे रंगवत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात थडग्यांतल्या डब्या आहेत, त्यांत चार हजार वर्षांपूर्वीची पूड शिल्लक राहिली होती. १९९९ साली तिच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या पुडीत शिशाचे असे काही क्षार निघाले, जे निसर्गात अगदी क्वचित आणि अत्यल्प सापडतात. म्हणजे ते मुद्दाम बनवलेले होते: शिशाची भस्मासारखी पूड मिठाच्या पाण्यात कालवायची, वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा कालवायची, असं कित्येक आठवडे. ज्याला आपण नटणं म्हणतो, त्यात केवढं रसायनशास्त्र होतं बघा! २०१० मध्ये आणखी एक अभ्यास आला. अगदी कमी मात्रेत हे क्षार त्वचेच्या पेशींची प्रतिकारशक्ती चेतवत असावेत, असं त्यात मांडलं होतं. पण तो प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे. त्यावरून शिसं डोळ्याला चांगलं, असं कुणी समजू नये.

आता आपल्याकडे येऊ. हडप्पा संस्कृतीच्या गावांत अंजन घालायच्या तांब्याच्या सळया सापडल्या आहेत. चरकसंहितेत रोज सौवीरांजन आणि पाच किंवा आठ दिवसांनी रसांजन घालायला सांगितलं आहे. म्हणजे अंजन आधी औषध, मग शृंगार. मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्याला अंजन वर्ज्य केलं. पुढे विधवेच्या वाट्यालाही तोच नियम आला. कुंकवाबरोबर काजळही गेलं. डोळ्यातली एक रेघ, पण ती कुणी ओढायची हे समाज ठरवत होता.

आणि आपल्या घरातलं काजळ? ते दिव्याचं. तुपाची किंवा एरंडेलाची वात लावायची, वर तांब्याचं नाहीतर पितळेचं ताट उपडं धरायचं, काजळी जमली की खरवडून घ्यायची आणि तुपात किंवा लोण्यात खलून डबीत भरायची. याला ‘काजळ धरणं’ म्हणतात. अजिंठ्याच्या चित्रांतला काळा रंगही दिव्याच्या काजळीचाच आहे. ज्या काजळीने भिंतीवरचे लांबट डोळे रेखले, तीच काजळी घरातल्या डबीत होती.

नाटकाने हीच रेघ मोठी केली. नाट्यशास्त्रात ३६ प्रकारच्या दृष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या मागे बसलेल्या प्रेक्षकालाही दिसायला हव्यात. आपल्या कोकणातला दशावतारी नट आजही आपला चेहरा आपणच रंगवतो. हातात छोटा आरसा असला की झालं. केरळातल्या कथकलीत तर काळी रेघ पुरत नाही, म्हणून चुंडा नावाच्या झाडाचा बारीक दाणा पापणीत ठेवून डोळा लाल करतात.

विसाव्या शतकात ही कला बाजारात गेली. १९१२ मध्ये नेफर्तितीचा मुखवटा-पुतळा मिळाला, १९२२ मध्ये तुतानखामुनची कबर सापडली, आणि युरोप-अमेरिकेत इजिप्शियन डोळ्यांची लाट आली. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केलं. ताटाखालची काजळी कांडीत आली.

आता मघाचा भेद पुन्हा आठवा. बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या पुडीत अनेकदा गॅलेनाच निघतो. लहान मूल डोळे चोळतं, तीच बोटं तोंडात घालतं, आणि शिसं पोटात जातं. मेंदूच्या वाढीला ते घातक. असं विष भिनलेल्या मुलांच्या नोंदी वैद्यकात आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सौंदर्यप्रसाधनांत कोहलला मान्यता दिलेली नाही. घरच्या काजळीत हे शिसं नसतं. तरी तान्ह्या बाळाच्या डोळ्यात बोटाने काजळ घालू नये, त्याने जंतुसंसर्ग होतो, असं डॉक्टर सांगतात. काजळाने डोळे मोठे होतात ही समजूतच. तीट लावायची तर कपाळावर लावा, डोळा मोकळा ठेवा.

मोठ्यांनी मात्र हवी तेवढी ठसठशीत रेघ ओढावी. फक्त डबीवर काय लिहिलं आहे ते आधी वाचा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर ती डबी घेऊ नका. घरी आजी-पणजी काजळ कशी धरत, कोणतं तेल, कोणतं भांडं, हे विचारून लिहून ठेवा. ही माहिती पोथ्यांत फारशी नाही, ती स्वयंपाकघरात होती. आता प्रश्न असतील ते घेऊ.