गाजरगवताचा प्रसार व नंदुरबारची कोरडवाहू जमीन

‘गाजरगवत’ अथवा ‘काँग्रेस गवत’ या नावांनी महाराष्ट्रात ओळखली जाणारी पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही वनस्पती वास्तविक गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुलातील ती एक वर्षायु वनस्पती असून तिचे मूलस्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात, मेक्सिकोच्या आखाताभोवती आहे. पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात म्हणून पहिले नाव पडले. दुसऱ्या नावाच्या आधाराने जो इतिहास सांगितला जातो, तो मात्र तपासून घ्यावयास हवा.

‘पी. एल. ४८०’ या कायद्यान्वये अमेरिकेहून आलेल्या गव्हातून हे बी भारतात शिरले, असा सार्वत्रिक समज आहे. हा कायदा अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये झाला. त्याखालील भारताशी पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. आर. एस. राव यांनी पुण्यातील ज्या रोपांची नोंद १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली, ती १९५५ मधील होत. त्याही आधी, १९५१ साली, प्रा. परांजपे यांना पुण्याच्या उकिरड्यांवर ही रोपे तुरळक दिसली होती. तेव्हा या कराराचा गहू येण्यापूर्वीच रोप पुण्यात होते, हे निर्विवाद होय. अर्थात एवढ्याने अमेरिकन धान्य सर्वस्वी दोषमुक्त ठरत नाही. १९५१ च्या गहू-कर्जाचे धान्य त्यापूर्वीच या देशात उतरले होते. परंतु रॉक्सबर्गच्या १८१४ मधील कलकत्त्याच्या उद्यानाच्या यादीतही या वनस्पतीचे नाव आढळते. पुण्याची रोपे त्या जुन्या रोपांची वंशज की नव्याने आलेली, हा प्रश्न वेगळा. शतकाहून अधिक काळ देशात नाव असलेली वनस्पती उपद्रवी ठरली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि याचे उत्तर जहाजापेक्षा जमिनीत शोधणे अधिक फलदायी होईल.

या दृष्टीने नंदुरबारचा प्रदेश बोलका आहे. पूर्वीच्या पश्चिम खानदेशचा व नंतरच्या धुळे जिल्ह्याचा हा भाग १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेस अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील सातपुड्याचे डोंगर, मध्ये तापीकाठची काळी जमीन, आणि या सपाटीतून जाणारा सुरत–भुसावळ लोहमार्ग. पाऊस चार महिन्यांत पडून जातो. ज्वारी, बाजरी, कापूस निघाल्यावर कोरडवाहू रान पुढील पावसापर्यंत उघडे पडते. गाजरगवतास हवी असते ती हीच मोकळी, उकरलेली, स्पर्धा नसलेली भूमी.

एका जोमदार रोपास पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. उगवणीपासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलू शकते. ओल मिळाल्यास वर्षात अनेक पिढ्या होतात. प्रथम पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात व खालील इतर रोपांचा प्रकाश तोडतात. शिवाय त्यातील पार्थेनिन नामक द्रव्य शेजारच्या बियांची उगवण मंदावते. तथापि नांगर-वखराखालील व वेळेवर निंदलेल्या शेतावर हे तण सहसा प्रथम चाल करीत नाही. ते आधी रस्त्याच्या कडेस, लोहमार्गालगत, पडीक तुकड्यात व बांधावर ठाण मांडते. चाकांचा चिखल, जनावरांचे खूर आणि ओढ्याचे पाणी बी पुढे नेतात. फुलावर आलेली रोपे उपटून उकिरड्यावर टाकली की तेच बी शेणखताबरोबर शेतात पोहोचते. शेतकऱ्याच्याच गाडीतून शत्रू घरात यावा, तसा हा प्रकार! पावसाने ओढ दिली आणि पीक खुंटले की मग शेतही त्याच्या आटोक्यात येते.

गायरानावरील परिणाम अधिक चिंताजनक मानला पाहिजे. गुरे हे झाड टाळतात व भोवतालचे चांगले गवत खातात. म्हणजे चरणारे जनावरच नकळत तणासाठी जागा मोकळी करते. ज्या कुटुंबाचे शेत थोडे व शेळ्या-गुरांवर भिस्त मोठी, त्याचा चारा असा हातचा जातो. पिकाच्या उत्पन्नाच्या हिशेबात हे नुकसान उमटत नाही, म्हणून तण-साहित्यात त्याची दखल अपुरी राहिली आहे. निंदणाऱ्या हातांचेही तसेच. १९६८ साली लोणकर व जोग यांनी या वनस्पतीपासून होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली. उघड्या हातांनी रोपे उपटणे हेच या रोगाचे एक प्रमुख द्वार होय.

उपायांपैकी तरोट्याचे बी पेरून जागा अडविण्याचा मार्ग पावसाळ्यात व पडीक जमिनीत उपयोगी पडतो. मेक्सिकोहून १९८३ साली बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने आणलेला झायगोग्रामा हा भुंगा दुसऱ्या वर्षी मोकळा सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या पाने फस्त करतात. पण पावसाळा सरला की भुंगा जमिनीत शिरून सुप्त राहतो. आणि विहिरीच्या पाटाकडेला, सांडपाण्याच्या ओलीवर हिवाळ्यात उगवलेले रोप निर्वेध फुलते व पुढील जूनसाठी बी टाकून मोकळे होते.