दूरचित्रवाणी-ग्रहण, अंकीय (ग्रामीण)

सदृश संकेतांऐवजी अंकीय संकेत घरच्या संचावर घेण्याची व्यवस्था. केबल दूरचित्रवाणी कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनुसार महानगरांपासून आरंभ करून चार टप्प्यांत तिचा अंमल व्हावयाचा होता, आणि परभणी तालुक्यातील झरीसारखी गावे ज्यात मोडत तो चौथा टप्पा मुदतवाढ मिळून ३१ मार्च २०१७ पर्यंत लांबला. तथापि दूरदर्शनची विनावर्गणी उपग्रहसेवा १६ डिसेंबर २००४ पासूनच चालू असल्याने खेड्यांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

पूर्वी छपरावरचा ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना वाऱ्याने हलला की पडद्यावर मुंग्या येत, आणि मग एकाने वर चढून तो फिरवावा व दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं!’ म्हणून ओरडावे, असा तो सहकुटुंब उद्योग असे. अंकीय संकेताला ही मधली अवस्था जवळजवळ ठाऊकच नाही. चित्र एक तर स्वच्छ उमटते, नाही तर चौकटी पडून थिजते. जुना संच मोडीत काढावा लागत नाही, त्याला सेट-टॉप बॉक्स जोडला म्हणजे भागते. दूरदर्शनच्या या सेवेचा उपग्रह ९३.५° पूर्व रेखांशावर असल्याने या मुलखात तबकडी आग्नेयेस रोखावी लागते. तिच्यासमोर लिंबाची फांदी येऊ देऊ नये.