फुललेली छिन्नी

छिन्नीवर हातोडा पडत राहिला की तिचं डोकं फुलतं. कडा बाहेर वळतात, त्यांना चिरा जातात आणि एखाद्या ठोक्याला त्यातला कपचा सुटून डोळ्यात जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभा राहिलो. आमच्या धंद्यातला सर्वांत फसवा अपघात हाच. घासायच्या एमरी चाकाचा कण बुबुळावर रुततो, दिवसभर खुपतो, म्हणून माणूस दवाखाना तरी गाठतो. छिन्नीचा कपचा बुबुळ भेदून आत शिरतो. भोक एवढंसं, दुखणं बेताचं. गडी डोळ्यावर पाणी मारून पुन्हा कामाला लागतो. आत लोखंड गंजत राहतं आणि काही महिन्यांनी नजर जाते.

आमच्या आधी दारोदार जात्यांना टाकी लावत फिरणारे होते. ते डोळे किलकिले करून घाव घालत. तेवढंच त्यांचं संरक्षण. पुढे शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं इथं बनू लागली, फाउंड्र्या आणि लेथ वाढले. खेड्यातली पोरं कामाला आली, तीही डोळे किलकिले करूनच.

कण काढणारा एक वस्ताद गल्लीत असायचाच. आमचे मिस्त्री रुमालाचं टोक पिळून, नाहीतर काडेपेटीच्या काडीनं कण उचलत. ‘वर बघ, हलू नगंस’ एवढीच भूल. वेल्डिंगनं डोळे सुजले तर बटाट्याच्या चकत्या. कण निघे, पण काडीची घाण जखमेत जाई आणि एखाद्याच्या बुबुळावर कायमचं फूल पडे.

युरोपातल्या कारखान्यांनी हा प्रश्न डॉक्टरांपुढे आधीच आणला होता. 1879 मध्ये बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग यांनी डोळ्यात गेलेलं लोखंड विद्युतचुंबकानं ओढून काढलं. 1892 मध्ये झुरिकच्या ओटो हाब यांनी त्यासाठी भलंमोठं चुंबक वापरात आणलं. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 35 खास डोळ्यांसाठी आलं: कण उडणाऱ्या कामाला आडपडदा किंवा चष्मा द्यायचा. पण त्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी निदान 10 कामगार असतील तरच तो कारखाना धरला जाई. आमच्या कितीतरी शेडमध्ये मालक धरून चार माणसं. चष्मा असलाच तर खिळ्याला टांगलेला. घामानं काच धुरकटते, मापाची रेघ दिसत नाही, आणि मजुरी नगावर.

तरी नव्या पोरांना सांगणं आहे. छिन्नीचं डोकं फुललं की चष्मा लावून आधी त्या कडा एमरीवर घासून टाका. ठोकताना डोळ्याला काही लागल्यासारखं वाटलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चोळू नका, धुऊन काढायच्या नादी लागू नका. आणि ‘लोखंडावर लोखंड मारत होतो’ हे स्वतःहून सांगा. तेवढं कळलं की ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतील. एमआरआय मात्र करणार नाहीत, कारण त्या यंत्राचं चुंबक आतला कपचा हलवून उरलासुरला डोळाही घालवतं.