सिंगर कंपनीची पाचशे पिस्तुले : दुर्मीळता आणि अस्सलपणा यांचा विचार

सिंगर हे नाव महाराष्ट्रात शिवणयंत्राचे नाव म्हणून घरोघर परिचित आहे. अमेरिकेतील जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना मात्र ह्या नावासरशी आठवतात ती ह्याच कंपनीने १९४१ मध्ये सैन्यासाठी बनविलेली पाचशे अर्धस्वयंचलित पिस्तुले. त्यांतील एक पिस्तूल २०१७ मध्ये लिलावात ४ लाख १४ हजार डॉलरना विकले गेले. त्याच आराखड्याची सुमारे एकोणीस लाख पिस्तुले दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे ही किंमत काहीशी चमत्कारिक वाटते. तिचा उलगडा पिस्तुलाच्या गुणांत सापडत नाही. तो पिस्तुलाच्या इतिहासात शोधावा लागतो. आणि तो शोधू लागल्यावर ‘अस्सल’ ह्या शब्दाचा अर्थच तपासून पाहण्याची वेळ येते.

जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) ह्याने योजिलेले आणि कोल्ट कंपनीने सादर केलेले ०.४५ इंची पिस्तूल अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याच्या जोरावर वरची स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस नळीत चढते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र नव्याने ओढावा लागतो. म्हणून त्यास अर्धस्वयंचलित म्हणावयाचे. १९२० नंतरच्या दशकात चाप, मूठ इत्यादींत किरकोळ सुधारणा होऊन ह्या पिस्तुलास ‘एम १९११ ए १’ हे नाव मिळाले, आणि १९८५ मध्ये बेरेटा पिस्तुलाची निवड होईपर्यंत सैन्याचे प्रमाण-पिस्तूल म्हणून त्याचे स्थान टिकून राहिले.

ह्या पिस्तुलाच्या निर्मितीतील खरी अडचण आराखड्याची नव्हती, संख्येची होती. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा कोल्ट कंपनीचे उत्पादन अपुरे पडू लागले. इतर अनेक कारखान्यांना कंत्राटे देण्यात आली. परंतु साचे, मापके आणि कुशल कारागीर ह्यांची सिद्धता होईतो युद्ध संपले. रेमिंग्टन-यू.एम.सी. ह्या कंपनीने सुमारे बावीस हजार पिस्तुले दिली. इतर बहुतेक कंत्राटदारांच्या हातून एकही पिस्तूल बाहेर पडले नाही. तूट भरून काढण्यासाठी त्याच काडतुसाची रिव्हॉल्व्हरे घ्यावी लागली. पिस्तूल कसे असावे हे ठाऊक असणे आणि ते लाखांच्या संख्येने कसे घडवावे हे ठाऊक असणे, ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत, हा धडा युद्धखात्याने त्यातून घेतला.

१९३८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ‘शैक्षणिक मागण्यां’चा कायदा संमत केला तो ह्याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. शांततेच्या काळातच नागरी कारखान्यांना शस्त्रनिर्मितीचे शिक्षण द्यावे, म्हणजे प्रसंग येताच त्यांस नव्याने आरंभ करावा लागणार नाही, हा त्याचा हेतू. न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथील सिंगरच्या कारखान्यास एप्रिल १९४० मध्ये पाचशे पिस्तुलांची जी मागणी देण्यात आली ती ह्या योजनेखालील होती. येथे ‘पाचशे’ ही संख्या गौण होती. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी लागणारी हत्यारे, साचे आणि कामाची क्रमवारी सिद्ध करणे हे मुख्य काम, आणि पिस्तुले हा त्या कामाचा पुरावा.

सिंगरने पाचशे पिस्तुले १९४१ मध्ये पूर्ण केली. त्यांची घडण उत्तम होती. तथापि शिवणयंत्रांच्या कामात मुरलेल्या ह्या कारखान्याचे कौशल्य अधिक नाजूक कामी लावावे, असे सरकारने ठरविले, आणि सिंगरकडे तोफखान्याच्या नेम-नियंत्रणाची यंत्रे आली. पिस्तुलांसाठी तयार केलेली सामग्री रेमिंग्टन रँड व इथाका ह्या कंपन्यांकडे गेली. टंकलेखनयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन रँडने पुढे पावणेनऊ लाखांहून अधिक पिस्तुले बनवून सर्वांना मागे टाकले. रेल्वेची सिग्नले तयार करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने १९४३ मध्ये पंचावन्न हजार दिली. सिंगरची दुर्मीळता अपयशातून आलेली नाही. ज्या प्रयोगाचे फळ दुसऱ्यांच्या पदरात पडले त्या प्रयोगाची ती खूण आहे.

संग्राहकांपुढील प्रश्न येथून सुरू होतो. समोर आलेले पिस्तूल खरोखर सिंगरचे आहे हे ठरवावयाचे कशावरून? मुख्य आधार त्यावरील लेखांचा. स्लाइडवर कंपनीचे संक्षिप्त नाव आणि ‘एलिझाबेथ, न्यू जर्सी’ हा पत्ता; सांगाड्यावर ‘एस ८००००१’ ते ‘एस ८००५००’ ह्या पल्ल्यातील अनुक्रमांक; आणि सांगाड्याच्या डाव्या बाजूस ‘जे.के.सी.’ ही सैन्याचे तपासणी-अधिकारी कर्नल जॉन के. क्लेमंट ह्यांची आद्याक्षरे. अक्षरांचे वळण, ठशाची खोली, त्यांवरील निळसर झिलईची अवस्था ह्यांची छाननी केली जाते. शिलालेखाचा किंवा ताम्रपटाचा अभ्यासक ज्या रीतीने अक्षरवटिकेवरून काळ ठरवितो आणि बनावट दानपत्र ओळखतो, त्याच जातीची ही रीत आहे.

परंतु लेख खरे ठरले तरी वस्तू अखंड ठरत नाही. सैन्याच्या शस्त्रागारांत पिस्तुले दुरुस्तीसाठी येत, तेव्हा ती पूर्ण सुटी केली जात. कोणत्याही कारखान्याची नळी, कोणतीही स्लाइड, हाताला येईल तो भाग बसविला जाई. जुनी झिलई काढून राखी रंगाची फॉस्फेटची झिलई चढविली जाई आणि शस्त्रागाराचा ठसा उमटविला जाई. ऑगस्टा शस्त्रागाराची ‘ए.ए.’ ही अक्षरे अशा पिस्तुलांवर आढळतात. सिंगरचा सांगाडा आणि रेमिंग्टन रँडची स्लाइड असा संकर त्यामुळे सहज संभवतो. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही मिश्र परंपरेची पोथी होय.

येथे एक विसंगती स्पष्ट होते. सुटे भाग परस्परविनिमेय असावेत, एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात कानस न लावता बसावा, हेच तर ह्या सर्व उद्योगाचे ध्येय. संकरित पिस्तूल म्हणजे ते ध्येय साध्य झाल्याचा प्रत्यक्ष पुरावा. संग्राहक मात्र त्याला उणे मानतो, आणि ज्याचा एकही भाग बदललेला नाही अशा पिस्तुलास शिरोभागी बसवितो. असे पिस्तूल बहुधा ज्याने सेवा कमी केली, किंवा जे लवकर शस्त्रागाराच्या वाटेबाहेर गेले, तेच असावयाचे. ज्याने आपले काम पुरेपूर केले ते ह्या मोजमापात हलके ठरते.

ह्या मूल्यमापनाचे परिणाम वस्तूवरही होतात. किंमत ‘मूळ’ स्थितीला असल्याने संकरित पिस्तुलातील भाग काढून त्या काळचे दुसरे भाग शोधून बसविण्याचा, झिलई पुन्हा निळी करण्याचा मोह पडतो. असे करणारा नेहमीच लबाड नसतो. पुष्कळदा तो आपण पिस्तुलाला त्याचे मूळ रूप परत देत आहो असे समजतो. पण शस्त्रागाराचा ठसा घासून काढला की त्या पिस्तुलाच्या आयुष्यातील एका प्रकरणाचा एकमेव लेख नष्ट होतो. उरते ते १९४१ च्या पिस्तुलाचे अलीकडे रचलेले रूप. ठसे मुद्दाम उमटवून केलेली बनावट आणि सद्हेतूने केलेले पुनर्निर्माण, ह्यांत नीतीच्या दृष्टीने अंतर असले तरी पुराव्याच्या दृष्टीने दोहोंची हानी सारखीच आहे.

संग्राहकांची दृष्टी ह्यावरून सर्वस्वी सदोष ठरत नाही. एरव्ही विस्मरणात गेली असती अशी पाचशे पिस्तुलांची लहानशी मागणी अभ्यासाचा विषय झाली, ती त्यांच्याच चिकाटीमुळे. हाती आलेल्या प्रत्येक पिस्तुलाचा अनुक्रमांक, ठसे आणि भाग जसे आहेत तसे टिपून ठेवणारा संग्राहक इतिहासकाराचेच काम करीत असतो. ते टिपण संकरित पिस्तुलांच्या बाबतीतही तितक्याच काळजीने व्हावयास हवे. १९१७ मध्ये अमेरिकेला जे साधले नाही आणि १९४३ मध्ये साधले, त्याची साक्ष अस्पर्शित सिंगरपेक्षा तीन कारखान्यांचे भाग घेऊन निमूटपणे चालणारे एखादे राखी पिस्तूल अधिक स्पष्टपणे देते.