श्वासनळीभोवतीचं कडं

आमच्या मुखेड भागात तान्ह्या बाळाची छाती वाजू लागली की घरोघरी दोन-तीनच निदानं होतात : सर्दी, बाळदमा, नाहीतर दृष्ट. बहुतेक वेळा पहिल्या दोहोंपैकी एक खरंही निघतं. पण जन्मापासूनच घरघर असेल, दूध पिताना ती वाढत असेल, बाळ मान मागं टाकूनच श्वास घेत असेल, पुढं वाकवली की कासावीस होत असेल, तर गोष्ट वेगळी असू शकते.

हृदयातून निघणारी महाधमनी कमानीसारखी डावीकडं वळून खाली उतरते. गर्भात मात्र अशा कमानींच्या जोड्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच विरून जातात. क्वचित उजवी-डावी दोन्ही टिकतात आणि श्वासनळी-अन्ननळीला कड्यासारख्या आवळतात. हॉमेल यांनी १७३७ मध्येच याचं वर्णन केलं होतं. त्याच शतकात लंडनच्या डेव्हिड बेफर्ड यांनी एका स्त्रीची हकिगत नोंदवली. तिला आयुष्यभर घास नीट उतरला नाही. मृत्यूनंतर दिसलं, की उजव्या हाताकडं जाणारी धमनी भलत्याच वाटेनं गेली होती. बेफर्डनी याला निसर्गाचा खेळ म्हटलं. खेळ कसला!

जिवंतपणी हे ओळखता आलं ते क्ष-किरणांमुळं. बेरियम पाजलं की अन्ननळीवर बाहेरून पडणारा दाब खाचेसारखा उमटतो. १९३६ मध्ये जर्मनीत कोमेरेल यांनी याच खुणेवरून वाट चुकलेली धमनी ओळखली. पुढं १९४५ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस यांनी दुहेरी कमानीचं कडं तोडलं. हेच ग्रॉस १९३८ मध्ये, वरिष्ठ परदेशी असताना, एका मुलीच्या हृदयालगतची उघडी राहिलेली नलिका बांधून मोकळे झाले होते!

कडं तोडायला हृदय थांबवावं लागत नाही. सहसा डाव्या बरगड्यांमधून शिरतात, बारीक असलेली कमान आधी नुसती चिमटून धरतात, हातांच्या आणि मानेच्या नाड्या चालू आहेत ना ते पाहतात, मगच ती कापून टोकं शिवतात.

आता इकोवर शंका येते आणि सीटी अँजिओग्राफीत कडं स्पष्ट दिसतं. मोठ्या शस्त्रक्रियांच्या खर्चासाठी राज्य सरकारनं जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. मात्र तिथवर जायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते, आणि ती गावातल्या डॉक्टरला किंवा आजीलाच येऊ शकते.

आईबापांना एक आधीच सांगून ठेवायला हवं. दाबाखाली वाढलेली श्वासनळी मऊ पडलेली असते, त्यामुळं शस्त्रक्रियेनंतरही काही महिने बाळाची छाती वाजतच राहते.