पुष्परथ आणि खांदा

वणी किंवा पुसद तालुक्यातील एखाद्या खेड्यात मृत्यू घडला म्हणजे अंत्यवाहनाचा प्रश्न घटकाभरात सुटतो. हिरवे बांबू, सुतळी, थोडे गवत, वर कोरे कापड, झेंडूच्या माळा व गुलाल, एवढ्यावर तिरडी सिद्ध होते. ती बांधणारास कोणी कारागीर म्हणत नाही. चार खांदे हीच तिची चाके.

अमेरिकेत हे काम कारखान्यात गेले. 1930 नंतरच्या दशकात तेथे केवळ फुले वाहण्यासाठी निराळी मोटार निघाली. कॅडिलॅक, पॅकार्ड इत्यादी मोटारींची लांब चासी घेऊन हेनी, यूरेका यांसारखे कारखाने तीवर पुढे चालकाची बंद खोली व मागे उघडा हौदा बांधीत. हौद्यात पुष्पचक्रे मांडण्यास पोलादी तबक, आणि काही गाड्यांत त्याखाली शवपेटिकेसही जागा. तेथे पेटी बहुधा झाकलेली असते, म्हणून पाहण्यास उरतात ती फुलेच. आपल्याकडे लोकांस मुख पाहावयाचे असते, फुले त्यामागून.

1920 च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांचा देह बैठ्या स्थितीत, फुलांनी मढवून, सरदारगृहातून चौपाटीस नेला तो याच कारणास्तव. (या लोकमान्यांचे चरित्र पुढे संस्कृत पद्यात रचिले ते वणीच्याच बापूजी अण्यांनी.) त्या दिवशी खांदे पुरले. 31 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत ते पुरणे शक्य नव्हते. गांधीजींसाठी एक लष्करी शस्त्रवाहक गाडी रातोरात मोडून तीवर उंच मंच बसविण्यात आला. अहिंसेच्या उपासकास असे वाहन लाभावे हे आम्हांस आजही बोचते. परंतु त्या गाडीचे यंत्र सुरू केले नाही. चार दोरखंडांस प्रत्येकी पन्नास माणसे लागली आणि त्यांनी ती यमुनाकाठापर्यंत ओढून नेली. रथ यंत्राचा, गती मात्र माणसांची, ही तोड ज्यास सुचली त्यास आमच्या मते आपले शास्त्र नीट कळले होते. 7 डिसेंबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांची अंत्ययात्रा राजगृहाहून दादरच्या चौपाटीकडे निघाली ती फुलांनी सजविलेल्या मालमोटारीवरून. तिची उंची हाच तिचा गुण. दूरवरच्या माणसासही दर्शन घडे.

आता लहानमोठ्या शहरांतून ‘वैकुंठरथ’ आले आहेत. त्यांस नावे ठेवण्याचे कारण नाही. स्मशान दूर गेले, मुले नोकरीसाठी परगावी गेली, खांदे उरले नाहीत. कित्येक घरची माणसे तरीही फाटकाशी तिरडी उतरवून शेवटची वाट पायीच चालतात. तेव्हा रथ बांधणाराने तळ खांद्याच्या बेताचा व दार रुंद ठेवावे, एवढे तरी पाहिले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातीलच एका अंत्ययात्रेत आम्ही पाहिले की, रथ आखूड व तिरडीचे बांबू लांब, त्यामुळे दार मिटेना. जमलेली मंडळी उन्हात खोळंबली. शेवटी शेजारच्या सुताराकडून करवत आणावी लागली.