चुन्याची रेघ पडण्याआधी

लहानपणी मी ज्या शाळेत जात होतो, तिचं छप्पर पत्र्याचं होतं. पावसाची मोठी सर आली की गुरुजी खडू खाली ठेवीत आणि हाताची घडी घालून बसत. त्या आवाजात त्यांचे शब्द आमच्यापर्यंत पोचतच नसत. आम्हां पोरांना ती सुट्टीच वाटे.

शाळेला तीन खोल्या होत्या, पुढे ओटा होता, झेंड्याचा खांब होता. मुलींसाठी मुतारी मात्र नव्हती. मुलं नाल्याकडे पळत. मुलींनी कुठे जायचं? माझी थोरली बहीण, आपा, दिवसभर पाण्याला तोंड लावत नसे. सातवीनंतर ती घरी बसली. शाळा सोड, असं घरात तिला कुणी म्हटलं नव्हतं. अब्बांनी याच शाळेसाठी बैलगाडीनं मुरूम वाहिला होता. गावानं श्रम दिले, वर्गणी दिली. पण बांधकामाआधी आमच्या अम्माला कुणी विचारलं नाही, की बाई, मुलींसाठी काय पाहिजे? विचारलं असतं, तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं.

श्रम मागणं आणि मत विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांच्या श्रमावर शाळा उभ्या करण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिथे तर विद्यार्थ्यांनीही घाम गाळला. पण शाळा कशी असावी हे ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्याकडून शिकायचं, ही गोष्ट मला ठळकपणे दिसते ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात. ताराबाईंचा आपल्या अमरावतीशीही संबंध होता. 1945 साली या दोघींनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुलं तिथे येईनात. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तीच ‘अंगणवाडी’. 1975 साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला.

पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली मुली शाळेत येत नव्हत्या, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसावं लागे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. मुलांच्या न येण्यालाच बाईंनी उत्तर मानलं आणि त्याप्रमाणे शाळेचा आराखडा बदलला.

साधारण त्याच काळात अमेरिकेत विनेटका गावी क्रो आयलंड नावाची शाळा बांधली गेली. ती 1940 साली उघडली. नकाशा काढण्याआधी लॉरेन्स पर्किन्स हे वास्तुशिल्पी शाळेतल्या वर्गांत जाऊन बसले. शिक्षकांशी बोलले, मुलांशी बोलले, झाडलोट करणाऱ्या माणसांशीही बोलले. मग दिव्यांची बटणं मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर लागली. प्रत्येक वर्गाला बाहेर पडायचं स्वतःचं दार मिळालं आणि स्वतःचं स्वच्छतागृहही. ते वाचलं तेव्हा मला आपाची आठवण झाली.

आपल्याकडे 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळ्याविना वर्गात पोचण्याची सोय, हे सारं त्यात आलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं त्यात म्हटलं आहे. शाळेचा विकास आराखडा करण्याचं कामही याच समितीकडे दिलं. म्हणजे अम्माला जी खुर्ची मिळाली नाही, ती कायद्यानं मांडून ठेवली आहे.

पण काय हवं ते कायदा सांगतो. कुठे हवं ते गावच सांगू शकतं. आमचं मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावर. वऱ्हाडातलं ऊन आणि काळी जमीन काय असते, ते इथल्या माणसाला कागदावर पाहावं लागत नाही. उन्हाळ्यात भेगा कुठे पडतात, मुरूम किती खाली लागतो, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, हे शेजारचा शेतकरी सांगेल. दुपारचं ऊन कोणत्या खिडकीतून बाकावर येतं, हे चौथीतलं पोर सांगेल. स्वच्छतागृहाचं दार रस्त्याकडे असलं तर मुली तिकडे फिरकणार नाहीत, हे त्यांची आई सांगेल. मात्र विचारायची वेळ एकच, पायासाठी चुन्याची रेघ पडण्याआधीची. भिंत उभी राहिल्यावर मत विचारलं, तर उरतो तो फक्त रंग निवडायचा.

या भाषणाचा विषय मी आपाला सांगितला. तिची नात आता शाळेत जाते. आपा थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बोलशील तेव्हा एवढं सांग, आतून कडी लागते का ते आधी पोरींना विचारा म्हणावं.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)